इमान कोणाचे?

कुत्र्याच्या बाबतीत मराठी भाषा मोठी दुटप्पी आहे. एखाद्याच्या निष्ठेचे कौतुक करायचे झाले की आपल्याला कुत्रा आठवतो आणि एखाद्याची अवहेलना करायची झाली तरीही कुत्राच आठवतो. नळीत घातले तरी वाकडे राहणारे शेपूट त्याचे, ज्याला कोणी विचारत नाही त्याचे हाल न खाणाराही तोच, आणि अत्यंत हीनदीन अवस्थेत आलेला शेवट म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’. ह्या वाक्प्रचारांच्या गर्दीत भाषेने त्याला एकच गुण बिनशर्त बहाल केला आहे, तो म्हणजे इमान. ‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे’ हे वाक्य प्राथमिक शाळेतल्या निबंधापासून आपण इतक्या वेळा लिहिलेले आणि वाचलेले असते, की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला भासत नाही.

आम्ही दोघेही साहित्याचे अध्यापन करीत आलो. वाक्ये तपासणे हा आमचा व्यवसायच. पण हे वाक्य तपासण्याची वेळ आमच्यावर आली ती वर्गात नव्हे, घरी. नाशिकच्या आमच्या घरात २००८ सालापासून, मधले एक वर्ष सोडले तर, सतत एक रॉटवायलर राहत आला आहे. आधी भैरव आणि आता सरमा. ह्या दोघांच्या सहवासात आम्हांला हळूहळू असे वाटू लागले, की त्या वाक्याचा रोख चुकीच्या दिशेला आहे. कुत्र्याचे इमान खरेच. पण त्यासाठी त्याला काही निवडावे लागत नाही, काही सोडावे लागत नाही. तो त्याचा स्वभाव आहे. कसोटी लागते ती माणसाच्या इमानाची. आणि कुत्रा रॉटवायलरसारखा दणकट, लोकांनी आधीच धसका घेतलेला असा असेल, तर ती कसोटी रोजची असते.

भैरव आमच्याकडे आला तो २००८ च्या पावसाळ्यात, दोन महिन्यांचा असताना. गंगापूर रस्त्यापासून आत, आनंदवल्लीच्या बाजूला आमचे जुने बैठे घर आहे. पुढे थोडे अंगण आणि कडेला एक कडुनिंब. घरात कुत्रे आणण्याला आईचा ठाम विरोध होता. तिचे सोवळे कडक नसले तरी देवघराच्या बाबतीत ती काही चालवून घेत नसे. पिल्लू घरात आले, इकडेतिकडे हुंगले आणि तिच्या पावलांवर हनुवटी टेकून झोपी गेले. ती बराच वेळ पाय न हलवता बसून राहिली. मग म्हणाली, “दत्ताच्या पायाशी चार असतात. आपल्याकडे एक असेल तर असू दे.” काळभैरवाचे वाहन श्वान, म्हणून नावही तिनेच ठेवले. अट एकच होती : देवघराचा उंबरा त्याने ओलांडायचा नाही. ती अट त्याने आठवड्याभरात शिकून घेतली. पुढची जवळजवळ आठ वर्षे, आईची पूजा चालू असताना, नाकाचा शेंडा बरोबर उंबऱ्याशी येईल अशा बेताने तो पडलेला असे.

रॉटवायलर ह्या नावात एक गाव दडलेले आहे. जर्मनीच्या नैर्ऋत्येला, नेकार नदीच्या काठी, रॉटवाइल नावाचे जुने गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तेथे रोमनांचे ठाणे होते, आणि सैन्याबरोबर येणाऱ्या गुरांचे कळप हाकणारे कुत्रे हे ह्या जातीचे पूर्वज असावेत, असे मानले जाते. मध्ययुगात ह्या गावी गुरांचा मोठा बाजार भरे. तेथल्या खाटकांचे कुत्रे गुरे हाकत, मांसाच्या लहान गाड्या ओढत. बाजारातून परतताना मालक पैशाची थैली कुत्र्याच्या गळ्यात बांधत, असेही सांगतात. पुढे एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, गुरे पायी हाकत नेण्याची गरज उरली नाही आणि हा कुत्रा बेकार झाला. ही जात जवळजवळ संपण्याच्या बेतात होती. विसाव्या शतकाच्या आरंभी पोलीसदलाला त्याचा उपयोग दिसला, १९१० च्या सुमारास त्या कामासाठी त्याला मान्यता मिळाली आणि १९२१ मध्ये त्याच्या पैदाशीचे नियम पाहणारी जर्मन संस्था स्थापन झाली. म्हणजे आज आपण ज्याला फाटकावरचा पहारेकरी समजतो, तो मुळात गुराखी आणि हमाल. आपल्याकडच्या धनगरी कुत्र्यांचा दूरचा व्यवसायबंधू.

हा इतिहास पुस्तकात वाचण्याआधी आम्ही तो घरात पाहिला होता. दिवाळीत पाहुणे आले आणि चार जण ओसरीवर, दोघे स्वयंपाकघरात, मुले मागच्या खोलीत अशी माणसे पांगली, की भैरव अस्वस्थ होई. मग तो एकेकाच्या मांडीला खांद्याने हलकेच ढकलत सगळ्यांना दिवाणखान्यात आणून बसवी आणि दारात आडवा होई. रात्री दिवे मालवण्याआधी प्रत्येक खोलीच्या दारात क्षणभर थांबून मोजदाद केल्याशिवाय तो स्वतः झोपत नसे. कळप पुरा आहे ना, एवढेच त्याला पाहायचे असे. पूर्ण वाढ झाल्यावर त्याचे वजन अठ्ठेचाळीस किलो भरले. आणि तेवढ्या वजनानिशी उभ्या माणसाच्या पायाला रेलून उभे राहणे ही त्याची माया करण्याची रीत होती. घशातून तो एक खोल घरघर काढी. परका माणूस ती ऐकून दचके; आम्हांला ठाऊक होते, की मांजराच्या गुरगुरण्यासारखाच तो समाधानाचा सूर आहे. भुंकणे मात्र फारच क्वचित.

अशा प्राण्याबरोबर राहायचे तर घराचे पंचांग बदलावे लागते. नाशिकच्या एप्रिलमध्ये पारा अडतीस-चाळीसला टेकतो, आणि काळ्या दाट केसांच्या ह्या जातीला ऊन सोसत नाही. त्यामुळे फिरायला जायचे ते उजाडण्यापूर्वी, दुपारी ओसरीवर ओले गोणपाट आणि संध्याकाळी मीठ न घातलेला दहीभात. पावसाळ्यात रोज बोटांनी अंग चाचपून गोचीड शोधायचे, कारण गोचिडाच्या तापाने धडधाकट कुत्रा आठवड्यात अंथरुणाला खिळतो. शिवाय आमचे गाव द्राक्षांचे. जानेवारीपासून निफाड-दिंडोरीकडचे नातेवाईक पेट्याच्या पेट्या आणून देतात, आणि द्राक्षे, बेदाणे हे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासारखे असतात. घरभर द्राक्षे आणि त्यांचा एक मणीही जमिनीवर राहता कामा नये, हा नियम आमच्याकडे येणाऱ्या लहान मुलांनाही तोंडपाठ असे. चंपाषष्ठीला आई खंडोबाचा नैवेद्य काढी, तेव्हा भैरवाच्या वाट्याला बाजरीचा रोडगा येई. वांग्याच्या भरितात कांदा-लसूण, म्हणून ते वर्ज्य. “देवाच्या कुत्र्याला चालतं, मग माझ्याच कुत्र्याला का नाही?” असे ती दरवर्षी विचारी आणि दरवर्षी भरीत बाजूला ठेवी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके सुरू झाले, की हा गल्लीचा कर्दनकाळ जेवणाच्या टेबलाखाली शिरून थरथरत बसे, आणि आमची मुलगी पुस्तक घेऊन त्याच्याजवळ जमिनीवर बसून राही.

हे सारे सुखाचे. पण हे सुख भिंतीच्या आतले होते. भिंतीबाहेर भैरव म्हणजे भीती होती, आणि ती भीती त्याने स्वतः कमावलेली नव्हती. ती त्याच्या आधी पोहोचलेली होती. ह्याला कलाकृतीही थोड्याफार जबाबदार आहेत. १९७६ च्या ‘द ओमेन’ ह्या चित्रपटात सैतानाच्या पोराचे राखणदार म्हणून रॉटवायलर दाखवले आणि जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात ते काळे-तपकिरी तोंड कायमचे बसले. नऊ वर्षांनी, १९८५ मध्ये, अलेक्झांड्रा डे ह्या लेखिका-चित्रकर्तीचे ‘गुड डॉग, कार्ल’ हे जवळजवळ शब्दविरहित चित्रपुस्तक आले. त्यात आई बाहेर गेल्यावर तान्ह्या बाळाला न्हाऊ-खाऊ घालणारा कार्ल हाही रॉटवायलरच. एकाने त्याला राक्षस केले, दुसऱ्याने दाई. अभ्यासक म्हणून आम्हांला ही जोडी विलक्षण वाटते. पण कुत्र्याबरोबर राहणारे म्हणून दोन्हींबद्दल तक्रार आहे. तान्हे बाळ आणि पन्नास किलोचा कुत्रा ह्यांना एकत्र सोडून बाहेर जाणे हा गोड प्रसंग नाही, तो शुद्ध बेफिकिरीचा प्रसंग आहे. ‘ओमेन’ कुत्र्यावर अन्याय करतो, तर ‘कार्ल’ माणसाला त्याच्या जबाबदारीतून मोकळे करतो.

आमच्या शेजारच्या काकूंनी ह्यांपैकी काहीच पाहिले-वाचलेले नव्हते. लहानपणी गावी त्यांना पिसाळलेला कुत्रा चावला होता आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती. त्यांची भीती एवढ्या भक्कम पायावर उभी होती. भैरव आल्यापासून त्या आमच्या फाटकासमोरून न जाता रस्ता ओलांडून पलीकडून जात. ह्यावर कुत्री पाळणाऱ्या मंडळींचे एक ठरलेले वाक्य असते : “काही करत नाही तो.” पु. ल. देशपांडे यांनी ‘पाळीव प्राणी’ ह्या लेखात अशा मंडळींची यथेच्छ फिरकी घेतली आहे, ती वाचून आपण हसतो. पण हे वाक्य जरा निरखून पाहिले तर त्यात एक बारीक उद्दामपणा आहे. समोरच्या माणसाची भीती खोटी आहे, असे ते त्यालाच सांगते. आमच्या घरात हे वाक्य निषिद्ध ठरले. आतल्या बाजूला दुसरे फाटक बसवले. रस्त्यावर पट्टा कधीही सुटायचा नाही आणि पट्टा धरणारा हात घरातल्या मोठ्या माणसाचाच असेल, दवाखान्यात तोंडाला जाळी लागेल, रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना ह्यांची तारीख चुकणार नाही, आणि काकूंना भैरवाशी ओळख करून घेण्याचा आग्रह कुणीही करणार नाही, असे नियम ठरले. घाबरण्याचा हक्क हाही शेजाऱ्याचा हक्क आहे. भैरवाशी इमान राखायचे तर ह्या हक्काशीही राखावे लागेल, हे आम्हांला पहिल्या वर्षातच उमगले. कारण ह्या जातीच्या कुत्र्याच्या हातून एकदा काही घडले, तर त्याला दुसरी संधी मिळत नाही.

२०१५ च्या नोव्हेंबरात भैरव पुढच्या डाव्या पायाने किंचित लंगडू लागला. आठवडाभराने मनगटाच्या वर सूज दिसली. क्ष-किरण चित्रात हाडाचा तो भाग कुरतडल्यासारखा दिसत होता. हाडाचा कर्करोग. मोठ्या चणीच्या कुत्र्यांत तो इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, आणि रॉटवायलर त्यांत अग्रक्रमाने. दुखणे ध्यानात येते तोवर बहुधा त्याचे कण फुप्फुसात पोहोचलेले असतात. त्याचे पोहोचलेच होते. एरवी पाय काढून टाकून काही महिने मिळवता येतात, पण त्याचे मागचे खुबे मुळातच अधू, त्यामुळे तीन पायांवर तो उभा राहू शकला नसता. आम्ही मुंबईला जाऊन दुसरे मत घेतले. तेही तेच होते. ह्या जातीला आयुष्यच आठ ते दहा वर्षांचे; हे पिल्लू घरी आणण्याआधीही वाचलेले होते. वाचलेले कळणे आणि घडलेले कळणे ह्यांत किती अंतर असते, हे साहित्याच्या माणसांना वेगळे सांगायला नको.

पुढचे तीन महिने वेदनाशामक गोळ्यांच्या वेळापत्रकावर गेले. तरीही रात्रीची मोजदाद तो सोडीना. तीन पायांवर उड्या मारत प्रत्येक दारापर्यंत जाई, थांबे, परत येई. फेब्रुवारी २०१६ मधल्या एका रात्री तो निम्म्या वाटेत बसला. उरलेल्या दोन खोल्यांकडे पाहत राहिला, पण त्याला उठता आले नाही. त्याच्यासाठी आणि आमच्यासाठीही तो निरोप पुरेसा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांना घरी बोलावले.

दयामरणाविषयी आम्ही वर्गात अनेकदा बोललो होतो, वि. वा. शिरवाडकरांच्या गावात, मरण आणि मरणाधीन माणूस ह्यांवर बोलणे आम्हांला नवे नव्हते. परंतु दुसऱ्या जिवाच्या मरणाची वेळ आपण ठरवायची, तीही अशा जिवाच्या, ज्याने आपल्यावर कधी शंका घेतलेली नाही, ह्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. तो आणखी काही दिवस जगला असता. ते दिवस त्याचे नसते, आमचे असते. आमच्या न धजण्याची किंमत त्याने वेदनेत चुकवली असती. अंगणात कडुनिंबाखाली त्याची गादी घातली. मुलगी पुण्याहून आली होती. आईने तांब्याभर गंगेचे पाणी आणले. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. चमचाभर पाणी तिने त्याच्या ओठांत सोडले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “जा बाबा. सगळे आहेत घरात.” इंजेक्शनानंतर त्याचे डोके आमच्या मांडीवर हळूहळू जड झाले. भाषेने ‘कुत्र्याचे मरण’ म्हणून ज्याची निर्भर्त्सना केली आहे, त्याची ही एक तऱ्हा. आम्हांला आलेच, तर असे यावे.

दिंडोरीकडच्या नातेवाइकांच्या मळ्यात बांधावरच्या आंब्याखाली त्याला पुरले. त्या रात्री चूल पेटवण्याची कुणाला इच्छा नव्हती. आठच्या सुमारास बाहेरच्या फाटकाची कडी वाजली. जाऊन पाहिले तर कुणी नव्हते. फाटकाच्या खांबावर स्टीलचा डबा होता, त्यात पिठले आणि भात. ज्या घरी मरण झाले तिथे शेजारी देतात तसा. काकू रस्ता ओलांडून आपल्या घरात शिरताना पाठमोऱ्या दिसल्या. भैरव असताना जे फाटक त्यांनी एकदाही ओलांडले नाही, ते तो गेल्यावरही ओलांडले नाही. आम्हांला त्याचे मोल अधिक वाटले.

वर्षभर घरात कुत्रे नव्हते. पुन्हा आणायचे नाही, असे आम्ही बोलून दाखवत होतो. आणि २०१७ मध्ये दोन महिन्यांची सरमा घरात आली. ह्यावेळचे नाव आमचे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात देवशुनी सरमेचा पणींशी संवाद आहे; चोरलेल्या गाईंचा माग काढत ती त्यांच्यापर्यंत जाते. गुराखी कुळातल्या कुत्रीला ह्याहून समर्पक नाव कोणते? पण भोवतालच्या जगाला हे नाव पेलले नाही. दवाखान्याच्या नोंदवहीत ‘कु. शर्मा’ अशी नोंद झाली, आणि गल्लीच्या टोकाचा रखवालदार आजही तिला ‘शर्मा मॅडम’ म्हणून सलाम करतो.

ह्या नावामुळे आम्ही महाभारताकडे नव्याने वळलो. त्याचे एक टोक सर्वांना माहीत आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर भावंडे आणि द्रौपदी एकेक करून पडतात, उरतो तो युधिष्ठिर आणि मागोमाग चालत आलेला एक कुत्रा. इंद्राचा रथ आला तरी त्याला सोडून युधिष्ठिर चढत नाही. ही गोष्ट आपण कुत्र्याच्या इमानाची म्हणून सांगतो. वास्तविक त्यात कुत्रा चालण्यापलीकडे काहीच करीत नाही. इमानाची परीक्षा आहे ती माणसाची. दुसरे टोक मात्र पुष्कळांच्या लक्षात नसते. आदिपर्वाच्या आरंभी जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पोर येते. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. तरी जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. सरमा येऊन विचारते, की माझ्या मुलाचा अपराध काय? कुणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की तुमच्यावर न दिसणारे भय येईल. अपराध न विचारता मारलेल्या कुत्र्याने हे महाकाव्य सुरू होते आणि न सोडलेल्या कुत्र्यापाशी ते संपत येते. मधला सारा संहार ह्या दोन टोकांच्या मध्ये आहे.

न दिसणाऱ्या भयाचा प्रत्यय आम्हांला जानेवारी २०१९ मध्ये आला. गंगापूर रस्त्यावरच्या सावरकरनगर भागात दिवसाढवळ्या बिबट्या शिरला. काही माणसे जखमी झाली. अखेर वनखात्याने त्याला बेशुद्ध करून पकडले. ती बातमी पसरत असताना आम्हांला फोन येत होते, “तुम्हांला कसली चिंता? तुमच्याकडे रॉटवायलर आहे.” आम्ही मात्र सरमेला अंगणातून आत घेऊन दारे लावून बसलो होतो. नाशिकला लागूनच असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. बिबट्याच्या दृष्टीने सरमा ही राखणदार नव्हती, घास होती. राखण कोणी कोणाची करायची, ह्याचा हिशेब त्या दिवशी स्पष्ट झाला. सरमा दाराशी उभी राहून घशात घरघरत होती. तिला बाहेर जायचे होते. आणि पट्टा आमच्या हातात होता.

त्यानंतर पाच वर्षांनी भय कागदावर आले. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवले : रॉटवायलरसह तेवीस जातींच्या आणि त्यांच्या संकरित कुत्र्यांची आयात, पैदास, विक्री बंद करावी आणि घरात असलेल्यांची नसबंदी करावी. सरमेची ती शस्त्रक्रिया आम्ही केव्हाच करून घेतली होती, त्यामुळे आमच्या व्यवहारात काही फरक पडणार नव्हता. तरी ते पत्र वाचून झाल्यावर आम्ही काही वेळ कुणीच बोललो नाही. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते रद्द ठरवले. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतलेले नाही, हा त्यातला महत्त्वाचा आक्षेप. सरमेचा आदिपर्वातला प्रश्नच जणू न्यायालयात विचारला गेला होता. परिचितांनी आमचे अभिनंदन केले. आणि मे महिन्यात चेन्नईतल्या एका बागेत दोन रॉटवायलरांनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केले.

त्या मुलीची बातमी आम्ही सरमेजवळ बसून वाचली. त्या क्षणी ‘आमची तशी नाही’ असे म्हणणे सोपे होते. मराठीत माणसाची ‘जात’ आणि कुत्र्याची ‘जात’ ह्यांना एकच शब्द आहे, त्यामुळे अशा वेळी एक उपमा ओठांवर येते : जातीवरून स्वभाव ठरवणे हा अन्याय आहे. ही उपमा आम्हांला मान्य नाही. माणसांच्या जातींना निसर्गात आधार नाही. कुत्र्यांच्या जाती माणसाने हेतुपूर्वक, पिढ्यान्पिढ्या निवड करून घडवल्या आहेत. बैलाला मागे लोटण्याचे बळ आणि आपल्या कळपावर परक्याची सावली न पडू देण्याची वृत्ती रॉटवायलरमध्ये आली, ती आपण आणली म्हणून. ते बळ नाकारणे म्हणजे त्याच्याविषयीची जबाबदारी नाकारणे. बंदी घातली की प्रश्न सुटला असे सरकारला वाटते, आणि माया केली की सुटला असे पाळणाऱ्याला वाटते. चेन्नईतल्या त्या मुलीला ह्या दोन्हींपैकी कशाचाच उपयोग नव्हता. तिला उपयोग झाला असता तो त्या क्षणी कुणीतरी घट्ट धरलेल्या पट्ट्याचा.

सरमा आता नवव्या वर्षात आहे. भुवया आणि हनुवटी पांढरी झाली आहे, मागचे पाय फरशीवर घसरतात म्हणून घरभर रबरी चटया अंथरल्या आहेत, ओसरीच्या तीन पायऱ्यांवर लाकडी उतरण ठेवली आहे. गेल्या उन्हाळ्यात काकूंच्या नातवाने फाटकाबाहेरून विचारले, “ही म्हातारी झाली का?” हो म्हटल्यावर तो म्हणाला, “मग आता मी घाबरू नको का?” आम्ही त्याला सांगितले, की जवळ यायचे असेल तर आधी आम्हांला हाक मारायची. त्याने मान हलवली आणि जिथे होता तिथूनच तिला पाहत राहिला. आजीचा शहाणपणा त्याच्यात उतरला आहे.

सरमेनंतर रॉटवायलर आणायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. मुलगी पुण्याहून आग्रह करते, आणि मोह आम्हांलाही होतोच. लहान पिल्लाच्या डोक्याचा तो दुधाचा वास एकदा घेतलेला माणूस मोहातून सुटत नाही. परंतु आम्ही साठी ओलांडली आहे. जोरात ओढ घेणारा पन्नास किलोचा तरुण कुत्रा थोपवायला मनगटात जे बळ लागते, ते आणखी दहा वर्षे राहील अशी हमी आम्ही शेजाऱ्यांना देऊ शकत नाही, आणि त्या कुत्र्यालाही देऊ शकत नाही. प्रेम करता येते म्हणून पाळता येते असे नाही. आमच्या इमानाचा शेवटचा भाग बहुधा हा नकारच असावा.

भैरवाला सरमेने कधी पाहिले नाही, तरी त्याची मोजदाद तिच्यातही आहे; रक्तातच असावी. आई २०२० मध्ये गेली, मुलगी आपल्या संसारात आहे, कळप दोनवर आला आहे. रात्री दिवे मालवण्याआधी सरमा सावकाश उठते, रबरी चटयांवरून पाय टाकत सगळ्या खोल्यांच्या दारांत जाऊन थांबते. आईच्या खोलीच्या दारात ती जरा जास्त वेळ उभी राहते, मग परत येऊन आमच्या पावलांवर बसते. तिची मोजणी पुरी होईपर्यंत आम्ही दिवा मालवत नाही.